प्रसादाचं झाकण

"बाई, एक नवीन जुगाड केलंय. दाखवू का?"

"थांब. आधी सांग, अजून कुणाला दाखवलंस?"

सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या कारखान्यांमध्ये शैलजा गायधनीचा हा प्रश्न इतका गाजला होता, की पोरं तिची नक्कल करत. जेवणाच्या सुट्टीत कुणाच्या डब्यात वेगळी भाजी निघाली, की शेजारचा हात आडवा धरून म्हणे, "थांब, आधी सांग, अजून कुणाला दाखवलंस?" शैलजाही हसायची. पण सवय सुटली नाही. पुढं कुणी नवा इंजिनियर कागदाची गुंडाळी घेऊन समोर आला, की गुंडाळी उलगडायच्या आधीच ती त्यावर पंजा ठेवायची. त्या पंजामागं एक खंडेनवमी होती.

शैलजा मूळची नाशिकची. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. तिच्या वर्गात बाकी सगळे मुलगे होते. पास झाल्यावर एका मोठ्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात तिला नोकरी लागली. काम ट्रेसिंगचं. दुसऱ्यांच्या पेन्सिलीवरून शाईनं गिरवायचं. पण गिरवता गिरवता तिला दिसायचं, की हा कोपरा असा वळवला तर भाग साच्यातून लवकर सुटेल. ती सांगायची. साहेब "हं" म्हणायचे, आणि पुढच्या ड्रॉइंगमध्ये कोपरा वळलेला असायचा. कागदाच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत तीन नावं असत, कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं. शैलजाची दोन अक्षरं पहिल्या ओळीत, गिरवणाऱ्याची म्हणून. कोपरा कुणी वळवला हे लिहायला त्या चौकटीत जागाच नव्हती.

पंच्याऐंशी साली नवऱ्याची, सारंगची, बँकेतून सिल्वासाला बदली झाली. दोघांनी तिथंच टोकरखाड्याला दोन खोल्या घेतल्या. सिल्वासा तेव्हा नुकतं कुठं कूस बदलत होतं. करात सूट मिळते म्हणून मुंबई-पुण्याची माणसं येत, भाताच्या खाचरांना लागून पत्र्याच्या शेड उभ्या करत. त्यांतलेच एक पुण्याचे अविनाश सोहोनी. सायलीच्या रस्त्यावर त्यांचा प्लास्टिकचा छोटा कारखाना होता. बाटल्यांची बुचं, डब्यांची झाकणं, सुताच्या रिळांच्या टोप्या असला माल. साचे मुंबईहून बनवून आणत, पण त्यांचं ड्रॉइंग करायला माणूस नव्हता. शैलजा भेटायला गेली, तेव्हा त्यांनी एक बिघडलेलं बूच तिच्यापुढं टाकलं.

"काय चुकलंय?"

तिनं बूच उन्हाकडं धरलं, नखानं कड तपासली आणि म्हणाली, "सर, ह्याला बाहेर यायचंय. तुमचा साचा सोडत नाहीये."

"उद्यापासून या," अविनाश म्हणाले.

तिथं दोन-तीन वर्षं काढल्यावर ते झाकण आलं. वापीचा एक तेलाचा व्यापारी तक्रार घेऊन आला होता. त्याच्या छापाच्या रिकाम्या बाटल्या लोक भंगारात घालत, कुणीतरी त्यांत सुटं, भेसळीचं तेल भरी आणि त्याच्याच नावानं विकी. "सेठ, ऐसा ढक्कन बनाओ की तेल निकले, पर वापस कोई भर न सके," तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

शैलजाला त्या वाक्यानं पछाडलं. बाहेर जाईल, आत येणार नाही. तसली झाकणं होती, काचेची गोळी घातलेली, पण ती महागडी आणि बाटली हलली की खुळखुळणारी. तिला एकाच तुकड्यात हवं होतं, एकाच साच्यातून एका दमात पडणारं. शेवटी जमलं. बाटलीच्या गळ्यात घट्ट बसणारी एक टोपी, आणि तिच्या आत फुलाच्या पाकळ्यांसारख्या तीन पातळ जिभा, टोकं बाहेरच्या बाजूला. बाटली वाकडी केली की तेल आतून ढकलतं, जिभा उघडतात. बाहेरून ओतायला जावं, तर त्याच जिभा वरच्या वजनानं एकमेकींना चिकटून बसतात.

अविनाशनी तिनं हातानं घडवलेल्या नमुन्यातून पाणी ओतलं, पुन्हा वरून भरून पाहिलं. पाणी सगळं त्यांच्या पॅंटवर आलं. ते खूश झाले.

"शैलजाबाई, ह्याचं पेटंट घ्यायचं. मालकी कंपनीची. पण शोध कुणी लावला, तिथं नाव तुमचं."

"माझं? पूर्ण?"

"पूर्ण. सरकारी कागदावर, छापील."

घरी आल्यावर तिनं सारंगला सांगितलं. तो भाजी निवडत होता.

"म्हणजे तुझं नाव छापून येणार."

"हो."

"लग्नपत्रिकेनंतर पहिल्यांदाच की."

ती हसली खरी, पण त्या रात्री झोपताना तिच्या डोळ्यांपुढं एक चौकट होती, आणि त्या चौकटीत कोपरा कुणी वळवला त्याला जागा होती.

साचा आला तो नवरात्रात. मशीन चालवायचा झुंबर. तो नंदुरबारकडचा. त्याचं तोंड मशीनपेक्षा जोरात चालायचं. त्यानं साचा चढवला, प्लास्टिकचा दाणा भरला, आणि पहिली झाकणं खळखळ करत परडीत पडली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मशीनं धुतली गेली, झेंडूच्या माळा चढल्या, हळदीकुंकवाची बोटं उमटली. टेबलावर पाट मांडून त्यावर पाने, पक्कड, व्हर्नियर आणि शैलजाची शाईची पेनं ठेवली. सायलीत रीत अशी, की त्या दिवशी कुठलंही फाटक बंद नसायचं. ह्या कारखान्याचे लोक त्या कारखान्याच्या पूजेला जायचे, ते ह्यांच्याकडं यायचे, बायकापोरं नटूनथटून मशीनं बघत फिरायची.

"साहेब," झुंबर म्हणाला, "नव्या साच्याचा पहिला माल देवाले ठेवाचा. मग वाटाचा. आमच्याकडं नवी ज्वारी निंघली तरी तसंच करतस."

"खरंच की," अविनाश म्हणाले. "पेढ्याबरोबर एकेक झाकण देऊ. शैलजाबाई, काय म्हणता?"

शैलजा काय म्हणणार? तिनं स्वतः बसून एकेक झाकण रंगीत कागदात बांधलं, वर कुंकवाचं बोट टेकवलं. दुपारभर लोक आले, पेढा तोंडात टाकला, झाकण खिशात टाकलं आणि गेले. तिला इतकं भरून आलं होतं, की शेजारच्या कारखान्याच्या फोरमनला, लखनभाईला, तिनं बायकोसाठी म्हणून दुसरंही दिलं.

दिवाळी झाल्यावर मुंबईहून दत्तात्रय नाबर आले. पेटंटच्या अर्जांचं काम करणारे जुने एजंट. वापी स्टेशनात उतरून, सहा आसनांच्या रिक्षात बारावे बसून आलेले, तरी सदऱ्याची इस्त्री शाबूत. त्यांनी झाकण पाहिलं, जिभांवरून करंगळी फिरवली, पुन्हा पाहिलं.

"सुरेख आहे," ते म्हणाले. "कुणाची कल्पना?"

अविनाशनी शैलजाकडं हात केला. नाबरांनी चष्म्यावरून तिच्याकडं नीट पाहिलं आणि मान लववली. मग पेनाचं टोपण उघडलं.

"आता एक साधा प्रश्न. हे आजवर कुणी पाहिलंय?"

"देवानं," अविनाश हसत म्हणाले.

"देव हरकत घेत नाही. आणखी कुणी?"

अविनाशनी खंडेनवमीची हकिकत सांगितली. सांगता सांगता त्यांचं हसू कमी होत गेलं, कारण नाबरांनी पेनाचं टोपण परत लावलं होतं.

"अहो, सोहोनी, पेटंट म्हणजे सरकारशी केलेला सौदा. तुम्ही लोकांना नवीन काहीतरी शिकवायचं, आणि त्याबदल्यात काही वर्षं ते फक्त तुम्ही करायचं. लोकांच्या हातात ते आधीच पडलेलं असेल, तर सरकारला तुम्ही विकताय काय?"

"पण विकलं कुठं? प्रसाद होता तो."

"विकलं की वाटलं, हा प्रश्न नाही. घेणाऱ्याला सांगितलं होतंत का, की हे गुपित ठेव, कुणाला दाखवू नको?"

दारात उभ्या झुंबरला राहवलं नाही. "प्रसाद लपवीसन कसा खाणार साहेब? प्रसाद वाटीसनच खातस."

"तेच म्हणतो मी," नाबर म्हणाले. "ह्याच्यासारखा साक्षीदार समोरच्या वकिलाला सोन्याच्या मोलाचा."

शैलजाला कानात शिट्टी वाजल्यासारखं झालं. "म्हणजे आता नाहीच?"

"तसं म्हणत नाही. कागदात बांधलेलं कुणी उघडलंच नसेल, तर गोष्ट वेगळी. ते मला मुंबईत बसून कळणार नाही. अर्जावर तुम्हाला लिहून द्यायचंय, की माझ्या माहितीप्रमाणे हे नवं आहे. सही तुमची. तेव्हा माहिती काय, ते तुम्हीच शोधा."

शैलजा शोधायला निघाली. निघताना तिच्या मनात एकच धास्ती होती, पण पहिल्याच घरी तिथं दुसरंच काहीतरी येऊन बसलं, एक विलक्षण कुतूहल. आपण झाकण म्हणून दिलेली वस्तू लोकांनी कशाची काय केली असेल?

भिमाबाई तिच्याच कारखान्यात झाकणांच्या कडा ब्लेडनं साफ करायची. साक्रीकडची बाई, नवऱ्यामागं इथं आलेली, कामगारांच्या चाळीत राहणारी. तिच्या देवघरात बाळकृष्णाशेजारी झाकण होतं. जिभा मिटलेल्या, वर कुंकवाची रास.

"भिमाबाई, हे बाटलीला लावायचं असतं."

"माय, बाटलीले काय झाकण कमी शेत? हे देवाचं शे. आणि बघा ना, कुंकू खाली गळत नई."

शैलजानं वाकून पाहिलं. खरंच गळत नव्हतं. वरून दाब होता, जिभा बंद होत्या. देवानं हरकत घेतली नसली तरी चाचणी मात्र घेतली होती.

रांध्याहून कामाला येणारा माळी काळू झाकणात चुना ठेवत होता. एकानं रेडिओच्या हरवलेल्या बटणाच्या जागी ते चिकटवलं होतं. एका घरी ते बाहुलीची टोपी झालं होतं, आणि बाहुलीच्या मालकिणीनं ते हातात द्यायला साफ नकार दिला. शैलजाला हळूहळू धीर येऊ लागला. कुणाला काही कळलंच नव्हतं. मग ती झुंबरच्या खोलीवर गेली. त्याच्या चुलीशेजारी तेलाची बाटली होती, आणि बाटलीला झाकण जसं बसवायचं तसं बसवलेलं होतं. बाटलीच्या गळ्याला फडक्याची पट्टी गुंडाळली होती.

"हे फडकं कशाला?"

"बाई, रागवू नका. झाकण तुमचं लाखात एक. पण लहान लेकरासारखं लाळ गाळतस. आणि ओतताना पोट बिघडल्यासारखं गुडगुड करतस."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"प्रसादाले नावं ठेवतात का?"

आता एकच मोठं घर उरलं होतं. शेजारच्या कारखान्यात लखनभाईच्या टेबलावर तिला झाकण दिसलं. हॅकसॉनं मधोमध उभं कापलेलं, कड कानसीनं घासून गुळगुळीत केलेली. पाहणाऱ्याला आतली एकेक जीभ कुठून उगवते, किती जाडीची आहे, सगळं उघडं दिसावं असं. शैलजा खुर्चीवर बसली. तिला राग यायला हवा होता. पण आपलंच काम दुसऱ्या कुणी इतक्या मनापासून पाहिलेलं तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं.

"आओ मॅडम, बैठो. चाय?" लखनभाई खुशीत होता. "क्या चीज बनाई है. घरवाली को एक दिया, मैंने एक काट डाला. सेठ को भी दिखाया. सेठ बोले, अपना भी साचा बनवाओ."

"तुमच्या सेठनी साच्याची ऑर्डर दिली?"

"दे दी. क्यों, कुछ गलत हो गया?" त्याचा चेहरा उतरला. "प्रसाद था ना मॅडम. मैंने समझा सबके लिए है."

"चूक तुमची नाही, लखनभाई."

त्यानं कापलेलं झाकण हातात घेऊन फिरवलं. मग कारागिराची खाज त्याला गप्प बसू देईना. "एक बात बताओ. जीभ तीन क्यों? चार क्यों नहीं?"

उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. चारांत मधोमध भोक राहतं, हे सांगायला तिला किती आवडलं असतं. तिनं चहाचा घोट घेतला आणि उत्तर त्याबरोबर गिळलं. उलट विचारलं, "तुमच्या घरचं टपकतं का?"

"टपकता है. ढक्कन कोई भी हो, टपकेगा ही."

दुसऱ्या दिवशी तिनं अविनाशना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठून केबिनचं दार लावलं.

"सही करा."

"सर?"

"अहो, लखननं कापलेलं झाकण मुंबईला कोण दाखवायला जाणार आहे? त्याच्या सेठला म्हणू, आम्ही अर्ज केलाय, तू थांब. तो थांबेल."

"आणि नाही थांबला तर? तो ते अर्धं झाकण कोर्टात ठेवील. कुंकवासकट."

"तेव्हाचं तेव्हा बघू. बाई, तुमचंच नाव आहे त्यात. माझं काय जातंय?"

"नाव माझं आहे म्हणूनच. स्वतः न केलेल्या कामाखाली सह्या करणारे साहेब मी नाशिकला पाहिलेत. मी खोट्याखाली सही केली, तर त्यांच्या पंगतीला पान मांडून बसल्यासारखं होईल."

"तुमचा हा बाणा फार महागडा आहे," अविनाश म्हणाले. आवाजात राग होता, पण कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला.

घरी आल्यावर तिनं पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि स्वयंपाकाला लागली. सारंगला तिचा चेहरा कळला.

"गेलं?"

"गेलं."

ओट्यावरची तेलाची बाटली उचलून त्यानं खालचं गोल पुसलं. बाटलीच्या बुडाएवढं तेलकट वर्तुळ. शैलजा बघत राहिली. हे वर्तुळ ती स्वतः रोज पुसत होती. झाकण घरात आल्यापासून रोज. झुंबरचं फडकं, लखनचं "टपकेगा ही", सगळ्यांनी तिला तेच सांगितलं होतं आणि तिला फक्त कुणी काय पाहिलं, एवढंच विचारायचं होतं.

"सारंग, थांब. पुसू नकोस."

"आता ह्याचंही पेटंट घेणार का?"

तिनं झाकणाच्या ओठावरचा थेंब वाकून पाहिला. कोडं मोठं मजेदार होतं. ओतल्यावर ओठावर राहिलेला थेंब परत बाटलीत गेला पाहिजे. पण बाटलीत काहीही परत जाऊ द्यायचं नाही, ह्याचसाठी तर झाकण जन्माला आलं होतं. दार असं हवं, की चोराला बंद आणि घरच्या थेंबाला उघडं. थेंबाला दार कसं ओळखणार?

हिवाळा सरला तरी ते दार मिळालं नाही. तिनं ओठ आत वळवून पाहिला, पन्हळ करून पाहिली. थेंब पन्हळीत जमायचा आणि दुसऱ्या वेळी बाटली वाकडी केली की दुप्पट होऊन सांडायचा. अविनाश तिच्याशी कामापुरतं बोलत. शेजारच्या शेडमध्ये लखनचा साचा आला, तिच्याच तीन जिभांचा. त्याच्या मशीनचा खटका पत्र्यापलीकडून ऐकू यायचा.

एका सकाळी झुंबरनं हाक मारली. डब्याच्या झाकणाची एक कड सारखी काळपट जळून येत होती.

"हवा अडकी गई बाई. व्हेंट बुजनी व्हई."

त्यानं साचा उघडून जोडावरची बारीक चीर पितळी ब्रशनं साफ केली. प्रत्येक साच्याला अशा चिरा ठेवाव्या लागतात. प्लास्टिकचा रस आत घुसला की आतल्या हवेला निसटायला वाट हवी, नाहीतर ती कोंडून जळते. चीर इतकी बारीक, की हवा जाते आणि प्लास्टिक मात्र तिथंच थांबतं. शैलजानं अशा चिरा शेकड्यांनी काढल्या होत्या. त्या दिवशी ती झुंबरच्या खांद्यावरून वाकून नुसती बघत राहिली.

"बाई, काय झालं? सरका ना, हात भाजाल."

"झुंबर, दार ओळखत नाही. दार फक्त बारीक असतं."

"अं?"

"काही नाही." तिनं तोंडावर हात ठेवला. "काही म्हणजे काहीच नाही."

जिभांच्या मुळाशी, पन्हळीच्या तळाला, तशीच एक चीर. थेंबाला घाई नसते. तो सावकाश झिरपत खाली जाईल. भेसळवाल्याला मात्र घाई असते. त्या चिरेतून बाटली भरायला बसला, तर दिवाळी उलटून जाईल. आणि तेल बाहेर जाताना त्याच चिरेतून हवा आत शिरेल, म्हणजे गुडगुडही बंद.

ह्या वेळी तिनं आधी केबिनचं दार लावलं आणि मग अविनाशना कागद दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला. मग बरेच दिवसांत पहिल्यांदा हसले.

"कुणाला दाखवलंत?"

"तुम्हाला. आता झुंबरला सांगावं लागेल, मशीन तोच चालवणार."

झुंबरला बोलावलं. जुना साचा दुरुस्त होऊन येईल, त्यातून काय निघतं ते कुणालाही दाखवायचं नाही, सांगायचं नाही, असं लिहून त्याची सही घेतली.

"बायकोलेबी नई?"

"तिलाही नाही."

"मग ती मले भाकर देणार नई."

"भाकर इथं खा. पण तोंड बंद ठेवून."

"तोंड बंद ठेवीसन भाकर कशी खाऊ, ते आधी शिकाडा," झुंबर म्हणाला, पण त्यानं शब्द पाळला. चाचणीचे बिघडलेले तुकडे त्याच दिवशी शैलजासमोर ग्राइंडरमध्ये दळून जात. चांगला नमुना ती पर्समध्ये घालून घरी नेई, बाटलीला लावी आणि सकाळी काढून पुन्हा पर्समध्ये टाकी.

नाबर पुन्हा आले. चष्मा पुसला, पाकळ्यांवरून करंगळी फिरवली, चिरेशी थांबले. "ही चीर कशासाठी?"

तिनं बाटली वाकडी केली, सरळ केली, टेबलावर ठेवली. थेंब ओठावर घुटमळला, पन्हळीत उतरला आणि बघता बघता नाहीसा झाला. नाबर म्हणाले, "करा पाहू परत." तिसऱ्यांदा त्यांनी स्वतःच करून पाहिलं.

"पाकळ्या आता सगळ्यांच्या झाल्या. त्या मागता येणार नाहीत," ते म्हणाले. "पण पाकळ्यांबरोबर ही चीर, हे मागता येईल. आता माझा नेहमीचा प्रश्न."

"मी, सर, झुंबर आणि मुंबईचा साचेवाला. त्या दोघांच्या सह्या आहेत."

"यजमान?"

शैलजा अडखळली. "त्यांना ओटा कोरडा दिसला. त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी पुसला."

नाबर मोठ्यानं हसले. "लबाडी घरात केलीत आणि खरं कागदावर. बहुतेक लोकांचं उलटं असतं. करा सही."

तिनं पूर्ण नाव लिहिलं. शैलजा सारंग गायधनी.

कागद पावसाळ्यात मुंबईला गेले, एकदा काहीतरी राहिलं म्हणून परत आले, पुन्हा गेले. नवरात्र बसलं तरी नाबरांचा फोन नाही. कारखान्यात माळा ओवायला सुरुवात झाली. भिमाबाईनं ब्लेड खाली ठेवून विचारलं, "बाई, औंदा प्रसादाले झाकण नई का?"

"अजून कळलं नाही, भिमाबाई."

"देवाले ठेवाले कळाले काय लागतं?"

खंडेनवमीच्या सकाळी पाट मांडला, पाने-पक्कड ठेवली, साचा मात्र कडी लावून बंद होता. अविनाश हातात नारळ घेऊन उभे. फाटकाबाहेर शेजारच्या कारखान्याची माणसं जमू लागली, त्यांत लखनभाई बायकोसह. फाटक त्या दिवशी बंद कसं ठेवणार?

"बाई, मुहूर्त जातोय," अविनाश म्हणाले.

"जाऊ दे सर. आधी अर्जाचा नंबर, मग नारळ."

फोन वाजला. शैलजानं केबिनमध्ये धावत जाऊन उचलला. पलीकडून नाबरांचा शांत आवाज आला. अर्ज दाखल झाला होता, आता झाकण दाखवायला हरकत नव्हती. त्यांनी आकडे सांगितले, तिनं मागोमाग म्हटले, आणि फोन ठेवून बाहेर आली.

"फोडा," ती म्हणाली.

नारळ फुटला, साचा उघडला, झेंडू पडले. पेढ्याबरोबर रंगीत कागदातलं झाकण पुन्हा वाटलं गेलं, आणि ते वाटायला शैलजाच उभी राहिली. लखनभाईनं आपलं तिथंच उघडलं, उजेडाकडं धरलं. त्याच्या सेठचं झाकण कित्येक महिने बाजारात होतं आणि दुकानदार त्याला बाटलीबरोबर फडकं मागत होते.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "इसको काट सकता हूँ?"

"कापा. मनसोक्त कापा. बनवायचं मात्र असेल, तर सरांना विचारा."

"और वो तीन-चार वाली बात?"

"चारांत मधे भोक राहतं, लखनभाई."

तो कपाळावर हात मारून हसला. "इतनी सी बात. सालभर सोया नहीं मैं."

पेटंटचा पक्का कागद यायला पुढं काही वर्षं गेली. नव्वद साल उलटून गेलं होतं, सायलीत नव्या शेड झाल्या होत्या, अविनाशनी दुसरं युनिट घेतलं होतं. कागद आला तेव्हा तिनं तो सारंगला दाखवला. त्यानं नाव मोठ्यानं वाचलं आणि मग विचारलं, "त्या दिवसांत ओटा नक्की तू पुसत होतीस?"

त्या वर्षी खंडेनवमीला पाटावर व्हर्नियरशेजारी तिनं तो कागदही ठेवला. भिमाबाईनं पूजा करताना त्यावर हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवले. नाव दिसेना.

"बाई, कशाचा कागद शे हा?"

"त्या झाकणाचा. मी केलं, असं लिहिलंय त्यात."

भिमाबाईनं मान हलवली. मग तिनं समईशेजारची, तेच झाकण लावलेली तेलाची बाटली उचलली, समईत तेल ओतलं आणि बाटली खाली ठेवण्याआधी सवयीनं गळ्यावरून बोट फिरवलं. बोट पाहिलं, कोरडंच होतं, पदराला पुसलं नाही.

"ते तर आमले ठावंच होतं," ती म्हणाली.